शेवटी एकाला मारायलाच हवं का?

वाचकाचं पत्र (त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून)

ताई,

मी ५३ वर्षांचा आहे. एका सहकारी बँकेत नोकरी करतो, गंगापूर रोडला आईबरोबर राहतो. आई ८१ वर्षांची आहे. गेली अकरा वर्षं माझ्या आयुष्यात एक माणूस आहे. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, शाळेत चित्रकला शिकवतो, नाशिकरोडला राहतो. त्याचा घटस्फोट झालाय, मुलगी पुण्याला नोकरी करते. आमच्याबद्दल मोजून चार-पाच जणांना ठाऊक आहे. आईला किती ठाऊक आहे, ते मला आजवर कळलेलं नाही.

गेल्या वर्षी मी एक दीर्घकथा लिहिली. पन्नाशी ओलांडलेल्या दोन पुरुषांचा एक रविवार. सकाळी मिसळ, दुपारी घरी बँकेचा एक फॉर्म भरणं, संध्याकाळी एकाची आधीची बायको काही कागद द्यायला दारात येते, मग रात्रीचं जेवण. एवढंच. एका दिवाळी अंकाच्या संपादकांना दाखवली. ते म्हणाले, "विषय धाडसी आहे, भाषा चांगली आहे, पण घडत काहीच नाही. शेवटी एकाला अटॅक येऊ द्या. दुसरा अमरधाममध्ये सगळ्यांच्या मागे उभा. वाचक हलून जाईल." आमच्या वाचनकट्ट्यावरचे एक ज्येष्ठ म्हणाले, "तरुण मुलांचं असतं तर समजलं असतं. या वयात हे कशाला?"

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. त्याने कथा अजून वाचलेली नाही, पण दुपारच्या एका प्रसंगाबद्दल मी त्याला सांगितलं. तो गप्प झाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तेवढं काढ. ते आपलं आहे." माझ्या मते कथेतली सगळ्यांत चांगली दोन पानं तीच आहेत.

शेवट बदलू का? ती पानं काढू का? आणि स्वतःच्या नावाने छापू की टोपणनावाने? कथा सोबत पाठवतोय.

गंगापूर रोडवरचा एक वाचक

सप्रेम नमस्कार.

तुमची ४२ पानं मी दोनदा वाचली. एकदा रात्री, एका बैठकीत. दुसऱ्यांदा सकाळी, हातात पेन्सिल घेऊन. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. शेवट बदलू नका. दोघांनाही जगू द्या.

संपादकांनी वाईट हेतूने सांगितलं असं मला अजिबात वाटत नाही. रडवणारी कथा वाचकाच्या लक्षात राहते, हा त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव असणार. पण दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट मरणाशी आणून सोडायची ही सवय फार जुनी आहे आणि ती कुठून आली हे तुम्हाला माहीत असायला हवं. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 'मॉरिस' ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली. शेवटी दोघे पुरुष एकमेकांना सोडत नाहीत, एकत्र राहायचं ठरवतात. पुढे त्यांनी त्या कादंबरीला एक टिपण जोडलं. त्यात त्यांनी स्वच्छ म्हटलंय की शेवट सुखाचाच करायचा होता, नाहीतर लिहायच्या भानगडीत पडलोच नसतो. आणि हेही म्हटलंय की शेवटी कुणी गळफास घेतला असता तर पुस्तक छापायला काहीच अडचण आली नसती. कादंबरी छापली गेली १९७१ साली, लेखक गेल्यानंतर. जवळजवळ सहा दशकं ती पेटीत राहिली, ती त्यातली माणसं मरत नाहीत म्हणून. पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ज्या कायद्याला फॉर्स्टर घाबरत होते, त्याचाच भाऊ इंग्रजांनी १८६० साली आपल्याकडे कलम ३७७ म्हणून आणून ठेवला आणि स्वतःच्या देशात १९६७ मध्ये तो कायदा सैल केल्यावरही आपल्याकडचं कलम पुढे पन्नास वर्षं तसंच राहिलं. नायकाला मारलं की कथा 'सभ्य' होते, हा नियम त्या काळातला आहे. तुम्ही २०२५ साली गंगापूर रोडवर बसून तो का पाळावा?

मरण मुळीच नको असं मी म्हणत नाही. पन्नाशीत मरण घरात येऊन-जाऊन असतंच. आईवडील असतात, मित्र असतात, बायपास असते. ख्रिस्तोफर इशरवूड यांच्या 'अ सिंगल मॅन' या १९६४ च्या कादंबरीतही एकच दिवस आहे, तुमच्यासारखा. ५८ वर्षांचा प्राध्यापक जॉर्ज, त्याचा जोडीदार जिम अपघातात गेलेला. म्हणजे मरण आहे आणि भरपूर आहे. पण जिमचं मरण कथा सुरू होण्याआधी घडून गेलंय, आणि शेवटच्या पानांत जॉर्जचं मरण येतं तेही 'समजा असं झालं' म्हणून, सबंध दिवसाने त्याची तयारी केल्यावर. पुस्तक वाचताना आपण पाहत राहतो तो जॉर्जचा दिवस. तो उठतो कसा, वर्गात शिकवतो कसा, जुन्या मैत्रिणीकडे जेवायला जातो कसा. तुमच्या संपादकांनी सुचवलेला अटॅक तसा नाही. तो शेवटच्या दीड पानात, पाहुण्यासारखा येतो. आधीच्या ४० पानांनी त्याला बोलावलेलं नाही.

आणि आपल्याला, मराठी वाचकांना, हा शेवट सांगायची गरजही नाही. तो आपण प्रत्यक्षात पाहिलाय. प्रा. रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, मराठीत कविता लिहायचे. फेब्रुवारी २०१० मध्ये ते एका पुरुषाबरोबर असताना त्यांच्या राहत्या घरात घुसून चित्रीकरण केलं गेलं, विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि आठवड्याच्या आत ते घरात मृतावस्थेत सापडले. वय ६४. निवृत्ती तोंडावर आली होती. त्यांच्यावर पुढे 'अलीगढ' हा हिंदी चित्रपट आला, लोकांनी तो डोळे पुसत पाहिला. मीही पाहिला. पण त्या चित्रपटात मला आजही आठवतो तो एकटा बसून पेल्यातून घोट घेत लताबाईंचं गाणं ऐकणारा, आपल्याच नादात डोलणारा माणूस. त्याचं मरण मला वर्तमानपत्रानेही सांगितलं होतं. गाणं ऐकतानाचा तो चेहरा फक्त कथाच दाखवू शकत होती.

आता "या वयात हे कशाला?" याबद्दल. हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांना तुम्ही उत्तर देऊ नका, पण कथेला त्याचं उत्तर देऊ द्या. कारण माझ्या मते तुमच्या पिढीची गोष्ट पन्नाशीतच सांगता येते. विशीत सांगताच आली नसती.

तुमचा नायक साधारण १९७२ चा. हिशेब मांडून पाहा. अशोक राव कवींनी मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक सुरू केलं १९९० साली, तेव्हा हा अठराचा. नाशिकच्या अठरा वर्षांच्या मुलाच्या हातात ते पडलं असेल का? पडलं असेल तर कुठे, कुणाकडून? की त्याला कित्येक वर्षं वाटत राहिलं की अख्ख्या गोदाकाठी आपण असे एकटेच? २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की तू गुन्हेगार नाहीस. तेव्हा तो सदतीसच्या आसपास, घरच्यांनी स्थळं पाहणं एव्हाना सोडून दिलेलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. म्हणजे ऐन चाळिशीत, डोळ्यांवर चाळिशी चढायच्या वयात, कायद्याने त्याला पुन्हा गुन्हेगार केलं. आणि तुमच्या कथेत हे दोघे भेटतात ते त्याच्या पुढच्याच वर्षी! तुम्ही या गोष्टीला एका ओळीनेही शिवला नाहीत. ज्या वर्षी हे प्रेम पुन्हा गुन्हा ठरलेलं होतं, त्या वर्षी या दोघांनी एकमेकांना फोन नंबर दिला. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने संमतीचं प्रेम त्या कलमातून सोडवलं, तेव्हा तो ४६ चा. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क नाकारला गेला, तेव्हा ५१ चा. हे सगळं त्याने वर्तमानपत्रात वाचलं असेल, आईसमोर, चहा पिताना, चेहऱ्यावरची रेघही न हलू देता. चेहरा असा कोरा ठेवायला लागणारी ताकद पंचविशीतल्या नायकाकडे कुठून येणार? ती कमवावी लागते, त्यात वर्षं जातात. ही बातमी वाचतानाची अर्धी पानं मला तुमच्या कथेत हवी आहेत. भाषण नको, निकालाचा तपशील नको. पेपरची घडी तो कशी घालतो, तेवढंच.

आपल्याकडे या विषयावर लिहिलंच गेलं नाही असं कुणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आहे. २०२५ मध्ये 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या विभागात परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. पण पाहा, मित्रा कॉलेजातली, 'कोबाल्ट ब्लू'मधली भावंडं कोवळी, 'साबर बोंडं'चा नायक तिशीतला. यांचं पुढे काय होतं? ब्लडप्रेशरची गोळी कोण आठवणीने देतं? पेन्शनचे कागद कोण नीट लावून ठेवतं? ते मराठीत फारसं कुणी लिहिलेलं नाही. तुमची कथा तिथे उभी आहे, म्हणून मी एवढी आग्रहाने लिहितेय.

"घडत काहीच नाही" या वाक्याने तुम्ही खचलात, हे पत्रावरून कळतं. म्हणून आता मला जे घडताना दिसलं ते सांगते.

पान ७. मिसळीच्या टेबलावर गर्दी आहे, समोर अनोळखी कुटुंब बसलंय. मोठ्याला गोळी घ्यायचीय, पण पट्टीवरची तारीख दिसत नाही. तो बोलत बोलत धाकट्याच्या शर्टाच्या खिशात हात घालतो, त्याची चाळिशी काढतो, नाकावर चढवतो, तारीख वाचतो आणि चष्मा परत त्याच खिशात ठेवतो. दोघांचा नंबर एकच. धाकट्याचं बोलणंसुद्धा थांबत नाही. समोरची बाई मुलाला पाव भरवतेय, तिला काहीच दिसलेलं नाही. अहो, भर बाजारात एक माणूस दुसऱ्याच्या छातीवरच्या खिशात न विचारता हात घालतो, आणि अकरा वर्षांच्या सहवासाचा सगळा पुरावा तिथे त्या कुटुंबासमोर मांडला जातो. तरी काही घडत नाही?

पान १९. हा माझ्या मते कथेचा कळस आहे आणि तुम्ही तो नकळत लिहून गेलात. धाकटा बँकेतला, म्हणून स्वतःच्या ठेवींना नॉमिनी लावायला त्याने डीए-१ नमुना घरी आणलाय. रकाने भरत येतो. नाव, पत्ता, मग 'ठेवीदाराशी नाते, असल्यास'. मोठा खांद्यावरून वाचतो आणि विचारतो, "असल्यास म्हणजे?" धाकटा म्हणतो, "म्हणजे नसलं तरी चालतं." यानंतर तुम्ही चार ओळी कुणालाच बोलू दिलेलं नाही. बाहेर कुकरच्या शिट्ट्या होतात. मग पेन टेकतं आणि 'मित्र' असं लिहिलं जातं.

इथे मी पेन्सिल खाली ठेवली. लहानपणी आम्ही रविवार कारंजाजवळ एका वाड्यात राहायचो. माडीवरच्या खोलीत दोन गृहस्थ राहायचे. एकाला आम्ही मुलं काका म्हणायचो. दुसऱ्यांना 'काकांचे मित्र'. संक्रांतीला तिळगूळ द्यायला वर जायचं तर आई सांगायची, "काकांना दे आणि त्यांच्या मित्रांना पण दे." वाडा पडला, आम्ही सिडकोत राहायला गेलो, आणि पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या ध्यानात आलं की त्या दुसऱ्या गृहस्थांचं नावच मला माहीत नाही. आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. ते दोघे एकमेकांचे कोण होते याबद्दल मी आज काही ठरवून टाकणार नाही, तो अधिकार मला नाही. पण 'मित्र' या शब्दाखाली एक सबंध माणूस झाकला जाऊ शकतो, हे मी तिथे पाहिलं. तुमच्या कथेत तोच शब्द उलटा होतो. तुमचा नायक तो झाकायला लिहीत नाही. त्याच्याजवळ दुसरा शब्दच नाही. 'समलिंगी' हा शब्द छापायला ठीक आहे, घरात कोण बोलतं? 'पार्टनर' म्हटलं की आपल्याकडे दुकानातला भागीदार डोळ्यांसमोर येतो. 'जोडीदार' लिहावं तर काउंटरवरचा सहकारी वर पाहील. तुम्ही स्वतः पत्रात काय लिहिलंत ते आठवा: 'माझ्या आयुष्यात एक माणूस आहे.' 'माणूस' हाच शब्द तुम्हाला सापडला. हे कथेत येऊ द्या. त्या चार मुक्या ओळींच्या जागी नायक मनातल्या मनात शब्द उलटेपालटे करून बघतोय, एवढं एक पान तरी लिहा. तुम्ही इथे घाई केली आहे.

याच प्रसंगाला एक गोष्ट जोडा. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय अर्थ मंत्रालयाने खुलासा केला की समलिंगी व्यक्तींना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. तुमचा नायक बँकेतला आहे, ही बातमी त्याच्या नजरेतून सुटणं शक्य नाही. आणि त्याला हेही माहीत असणार की फॉर्मने नात्याची सक्ती आधीही केली नव्हती. 'असल्यास' हा शब्द तिथे पहिल्यापासून होता. मग इतकी वर्षं तो रकाना त्याने का भरला नाही? उत्तर तुम्ही द्या. मला ते वाचायचंय.

(कथेबाहेरचं एक, राहवत नाही म्हणून सांगते. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे तुम्ही बँकेत रोज लोकांना सांगत असाल. नॉमिनीच्या हाती पैसे येतात ते खऱ्या वारसांच्या वतीने सांभाळायला. म्हणून मृत्युपत्र करा, दोघांनीही. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. अकरा वर्षं झाली आहेत, आता आणखी लांबवू नका.)

आता जिथे माझा तुमच्यावर थोडा राग आहे तिथे येते. संध्याकाळी मोठ्याची आधीची बायको दारात येते. मुलीच्या स्थळासाठी काढलेले कागद देते, पायपुसण्यावर चप्पल झटकते आणि जाते. अडीच पानं. तिला नाव नाही, घरात बोलावणं नाही, पाणी नाही. तिच्या आवाजाला तुम्ही 'कोरडा' म्हटलंय, दोनदा. तुमच्या वयाच्या कितीतरी पुरुषांची लग्नं अशीच लावली गेली. घरच्यांचा जोर होता, भीती होती, लग्नानंतर सगळं ठीक होतं असं सांगणारे डॉक्टरही होते. त्यांच्यावर अन्याय झाला हे खरंच आहे. पण त्या प्रत्येक लग्नात एक मुलगी होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती रात्री जागी राहून आपल्यातच काय कमी आहे ते शोधत राहिली. तुमच्या कथेतली ही बाई आज पन्नाशीची आहे. तिची तिशी कुठे गेली? कोरडा आवाज फुकट येत नाही.

२०२३ मध्ये 'काथल' हा मल्याळम चित्रपट आला. मामुट्टीने केलेला नायक मध्यमवयीन, पंचायतीच्या पोटनिवडणुकीला उभा, आणि त्याच वेळी बायकोने घटस्फोटासाठी अर्ज केलेला. जमल्यास दोघांनी मिळून पाहा. तिथे ती बायको खलनायिका नाही आणि बिचारीही नाही. ती नवऱ्याला मोकळं करते आणि स्वतःही मोकळी होते, आणि शेवटी कुणालाही मरावं लागत नाही. बघताना मला सारखं वाटत होतं, हे लिहिणाऱ्याने तिच्याशी बसून बोलल्यासारखं लिहिलंय. तुम्ही तुमच्या पात्राला बसायला खुर्ची द्या. मोठा आत पाणी आणायला गेलाय, धाकटा आणि ती दोघेच समोरासमोर आहेत, पंख्याचा आवाज येतोय, असं एकदा लिहून बघा. ती काय बोलते ते आधीपासून ठरवू नका. मुलीच्या सासरी काय सांगायचं, हा प्रश्न या वयात अशा घरांमध्ये टळत नाही आणि तो तिच्याही डोक्यात असणारच. कदाचित ती तेवढंच विचारेल. कदाचित विचारेल, "त्यांचा बीपी आता कसाय?"

आईबद्दल मात्र एक अक्षर बदलू नका. ती सबंध कथेत आतल्या खोलीत आहे, फक्त मालिकेचा आवाज येतो, आणि रात्री जेवायच्या वेळी ती न विचारता तीन ताटं घेते. बस. तिला काय ठाऊक आहे हे तुम्ही पत्रात 'कळलेलं नाही' म्हणता. कथेत तुम्ही ते लिहून ठेवलंय.

टोपणनावाचं थोडक्यात सांगते. संकोच वाटून घेऊ नका. आपण ज्या गावात राहतो तिथल्या सगळ्यांत मोठ्या कवीचं नाव आपण टोपणनावानेच घेतो. शिरवाडकरांनी आपल्या बहिणीच्या, कुसुमच्या, नावावरून 'कुसुमाग्रज' घेतलं, आणि आज त्यांच्या स्मारकाच्या पाटीवर तेच आहे. केशवसुत, ग्रेस, आरती प्रभू यांना कुणी भित्रे म्हटलं नाही. ८१ वर्षांच्या आईला दिवाळी अंकातून कळावं, किंवा शेजाऱ्यांनी येऊन सांगावं, असं तुम्हाला नको असेल तर टोपणनाव घ्या. स्वतःबद्दल कुणाला कधी सांगायचं हा तुमचा प्रश्न वेगळा आहे. ते काम कथेवर सोपवू नका, कथेला ते झेपणार नाही. एकच करा, संपादकांना तोंडी सांगून ठेवा की लेखक-परिचयात बँक, गंगापूर रोड असलं काही यायला नको.

आणि आता ती दोन पानं. शेवटी ठेवली, कारण ती लिहायला मला सगळ्यांत जड जातंय.

त्या पानांत काय आहे ते मी इथे लिहिणार नाही. 'ते आपलं आहे' असं तुमच्या जोडीदाराने म्हटलंय, आणि मी ते इथे सांगितलं तर छापण्याआधीच मी ते चव्हाट्यावर मांडल्यासारखं होईल. तुमचं म्हणणं मला मान्य आहे, कथेतली सगळ्यांत चांगली पानं तीच आहेत. इतक्या साध्या शब्दांत इतकी जवळीक मी मराठीत क्वचित वाचली. तरीही, त्यांनी पूर्ण कथा वाचून पुन्हा 'काढ' म्हटलं, तर काढा. वाद घालू नका, साहित्याची थोरवी सांगू नका, "नाव बदललंय, कुणाला कळणार" असं तर मुळीच म्हणू नका. कुणाला कळेल ही त्यांची भीती असेलच असं नाही. या माणसाने आयुष्याची चाळीस वर्षं सगळं लपवण्यात घालवली. तेव्हा लपवावंच लागत होतं. अलीकडे कुठे त्याला एखादी गोष्ट केवळ स्वतःची म्हणून जपायला मिळालीय, कुणाच्या धाकाने नाही, हौसेने. ती त्याच्या हातून काढून घ्यायचा हक्क तुम्हाला प्रेमानेही मिळत नाही आणि लेखणीनेही.

पण त्यांनी अजून कथा वाचलेली नाही. तुम्ही एक प्रसंग तोंडी सांगितलात, तोही बहुधा घाबरत, मधूनच. सुट्या प्रसंगावर ते 'नाही' म्हणाले. सबंध कथेत तो कुठे आणि कसा येतो, ते त्यांना माहीत नाही. कदाचित वाचून त्यांचं मत बदलेल, कदाचित नाही. बदललं नाही तर त्या जागी गाव-नाव बदलून तोच प्रसंग घालायचा प्रयत्न करू नका. कुठल्याही वेशात ते स्वतःला ओळखतील. दुसरं काहीतरी शोधा, दुपारचं, तितकंच शांत. ज्याने पान ७ लिहिलंय त्याला ते सापडेल.

दिवाळी अंकाला उशीर झाला तर होऊ द्या. पुढच्या वर्षीही दिवाळी आहे. आधी दारात येणाऱ्या त्या बाईचं पान लिहा, मग बातमीचं, मग रकान्याचं. मग एखाद्या रविवारी पूर्ण कथा त्यांच्या हातात ठेवा, कागदावर, मोबाईलवर नको. चाळिशी त्यांच्याकडे द्या. ते वाचत असताना समोर बसून त्यांचा चेहरा बघत राहू नका, ते त्यांना अवघड होईल. पायात चपला घाला, सोमेश्वरपर्यंत चालत जा, धबधब्यापाशी थोडं टेका आणि मगच परत फिरा. बेचाळीस पानांना तेवढा वेळ लागतोच.